औट्रम घाटातला औट्रम : धरणगावच्या भिल्ल पलटणीपासून लखनौपर्यंत

गिरणाकाठ
सोमवार, रात्री १०:४०

आमच्या चाळीसगावात 'घाट बंद आहे' असं कुणी म्हटलं की कुठला घाट, हे विचारावं लागत नाही. कन्नडचा घाट. पावसाळ्यात दरड येते, वळणावर ट्रक आडवा होतो आणि रांग पायथ्यापर्यंत येते. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते 'औट्रम घाटात वाहतूक ठप्प'. घाटावरच्या जंगलाचं सरकारी नावही गौताळा औट्रमघाट अभयारण्य. म्हणजे हे नाव आपण रोज घेतो, पण हा औट्रम कोण, असं विचारलं तर 'कुणीतरी इंग्रज साहेब' याच्या पुढे गाडी जात नाही. माझे आजोबा एवढंच सांगायचे की हा साहेब भिल्लांमध्ये एकटा राहायचा.

गेली दोन वर्षं या माणसाबद्दल मिळेल ते वाचतो आहे. जमेल तसं मांडतो. जाणकारांनी भर घालावी.

जेम्स औट्रम, जन्म २९ जानेवारी १८०३, इंग्लंडमधल्या डर्बीशरचा. बाप बेंजामिन औट्रम नावाजलेला इंजिनिअर, बटर्लीचा लोखंडाचा कारखाना काढणारा. पण पोरगा दोन वर्षांचा असताना बाप गेला आणि मागे निघालं कर्ज. आई पाच मुलांना घेऊन पुढे स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला राहिली. जेम्सला पाद्री करावं असं घरात ठरत होतं. तेव्हा खिडकीकडे बोट दाखवून तो म्हणाला होता की पाद्री होण्यापेक्षा या खिडकीतून उडी टाकीन आणि साधा शिपाई म्हणून भरती होईन. १८१९ मध्ये कंपनीच्या मुंबई फौजेत कॅडेट म्हणून आला तेव्हा वय सोळा. अंगाने लहानखुरा.

आता खानदेश. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीकडे आला, तो उजाड होऊन. १८०२-०३ मध्ये होळकरांच्या फौजेने केलेली लूट, लगेच मागून आलेला दुष्काळ, नंतर पेंढारी. गावंच्या गावं ओस पडली होती. सातपुडा, सातमाळा आणि पश्चिमेचे डोंगर भिल्ल नाईकांच्या हातात. घाटवाटा राखण्याचे त्यांचे जुने हक्क होते, गावांकडून मिळणारं ठरलेलं देणं होतं. राज्य बदललं, ती घडी मोडली, आणि पोटासाठी धाडी सुरू झाल्या. पहिला पोलिटिकल एजंट कॅप्टन ब्रिग्ज याने डोंगरात जाणारं धान्य अडवलं, नाईकांना पकडलं, काहींना पेन्शन देऊ केलं. सात वर्षं हे चाललं. कंपनीचे शिपाई डोंगरात गोळीपेक्षा तापाने जास्त मेले.

१८२५ मध्ये बागलाणात मुल्हेरच्या बाजूला मोठा उठाव झाला. औट्रम तेव्हा मालेगावच्या छावणीत, २३ व्या पलटणीत लेफ्टनंट होता. मोजक्या शिपायांनिशी रात्रीची चाल करून तो किल्ल्यावर गेला आणि उठाव मोडला. यात नवल नाही, अशा मोहिमा बऱ्याच झाल्या. नवल पुढे आहे. त्याच वर्षी मुंबई सरकारने (तेव्हा गव्हर्नर एल्फिन्स्टन) धोरण बदललं. खानदेशाचे तीन भिल्ल एजन्सीत भाग केले आणि भिल्लांचीच पलटण उभी करायचं ठरवलं. हे काम आलं बावीस वर्षांच्या औट्रमकडे. ठाणं धरणगाव.

भिल्ल भरती व्हायला तयार नव्हते. त्यांना ठाऊक होतं की साहेब बोलावतो आणि मग बेड्या पडतात. औट्रम शिपाई मागे ठेवून जंगलात गेला, नाईकांच्या वस्त्यांवर राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, त्यांना ब्रँडी पाजली (हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय). रात्री पहारा न ठेवता त्यांच्यामध्ये झोपायचा. एवढं करून पहिले तयार झाले ते पाच जण. त्या पाचांवर पलटण उभी राहिली आणि दोन वर्षांत माणसं काही शेंवर गेली.

एक प्रसंग मला फार मोठा वाटतो. नवे भिल्ल जवान घेऊन औट्रम मालेगावला गेला आणि त्याच्या जुन्या २३ व्या पलटणीशेजारी तळ टाकला. त्याआधी सगळीकडे आवई उठली होती की भिल्लांना एकत्र करून मालेगावला कापून काढणार. जवान धास्तावलेले, हात बंदुकीवर. आणि २३ व्या पलटणीचे शिपाई, ज्यांत वरच्या जातीचे बरेच होते, आपणहून भिल्लांच्या तंबूंकडे आले, बसले, बोलले आणि त्यांना पान-सुपारी दिली. १८२० च्या दशकात, ज्यांच्या सावलीलाही गावात कुणी उभं करत नव्हतं त्यांच्या हातात सवर्ण शिपायाने विडा द्यावा! आवई तिथेच मेली.

धरणगावला तो जवळजवळ दहा वर्षं होता. पुढे मही कांठा, अफगाणिस्तान, सिंध, सातारा, बडोदा, एडन, लखनौ, इराण, परत लखनौ. माझं म्हणणं थोडक्यात असं : या माणसाला विश्वास मिळवता येत होता आणि ती त्याची खरी ताकद होती. पण त्याने मिळवलेला विश्वास प्रत्येक ठिकाणी कंपनीने आपल्या खात्यावर वटवून घेतला. सिंधमध्ये हे त्याला कळलं आणि तो ओरडला. अवधमध्ये त्याने स्वतःच्या हाताने केलं.

पुढचं उद्या लिहितो.

तापीपुत्र
सोमवार, रात्री ११:१५

वाचनखूण साठवली. अमळनेरचा आहे, धरणगाव म्हणजे शेजार, पण भिल्ल पलटण तिथे होती एवढंच ऐकून होतो. पान-सुपारीचा प्रसंग पहिल्यांदाच वाचला.

एक प्रश्न. कन्नडचा घाट औट्रमच्या एजन्सीत होता का? धरणगाव कुठे आणि कन्नड कुठे.

गिरणाकाठ
सोमवार, रात्री ११:३२

बरोबर पकडलंत. सातमाळ्याची, म्हणजे कन्नडची एजन्सी कॅप्टन चार्ल्स ओव्हन्सकडे होती. नंदुरबार-कुकरमुंड्याच्या बाजूची रिग्बीकडे. ओव्हन्सचं काम बंदुकीचं नव्हतं, नांगराचं होतं. भिल्लांना जमीन, बैल, बियाणं आणि तगाई (शेतीसाठी सरकारी उसनवारी) देऊन वसवायचं. औट्रमची पलटण आणि ओव्हन्सची तगाई ही एकाच धोरणाची दोन टोकं. घाटाला मात्र औट्रमचं नाव लागलं. ओव्हन्सचं नाव पुढे आपल्या इतिहासात भलत्याच कारणाने येतं. साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत केलं तेव्हा तिथला रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, हाच ओव्हन्स.

वनमाला
मंगळवार, सकाळी ७:५०

गिरणाकाठ, लेख मनापासून लिहिलाय, त्याबद्दल आभार. मी नंदुरबार जिल्ह्यात शिक्षिका आहे आणि स्वतः भिल्ल समाजातली आहे. म्हणून काही गोष्टी सांगायलाच हव्यात.

'भिल्लांना माणसांत आणलं' असं औट्रमबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं. तुम्ही तसं लिहिलं नाही हे बरं वाटलं. आमचे लोक माणसांतच होते. त्यांच्या वाटा, त्यांचं रान, त्यांचा हक्क गेला आणि मग धाडी पडल्या, हे तुम्ही मांडलंत. पण पलटणीचा दुसरा उपयोग सांगायचा राहिला. हीच पलटण घेऊन औट्रम १८३० मध्ये डांगात उतरला आणि तिथल्या भिल्ल राजांना कंपनीपुढे नमवलं. डांग आमच्या उंबऱ्याशी आहे, तिथे आमची सोयरीक आहे. भिल्लाला भिल्लावर घालायचं, त्यासाठी ती पलटण होती.

आणि १८५७. सेंधव्याच्या घाटरस्त्यावर पहारा करायची नोकरी खाज्या नाईकाकडे होती, सरकारचाच माणूस. त्याने उठाव केला, सरकारी खजिना लुटला, भीमा नाईक बरोबर होता. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला लढाई झाली. पकडलेल्या माणसांना तिथल्या तिथे लष्करी कोर्ट करून गोळ्या घातल्या. शेकडो बाया कैद झाल्या. सरकारच्या बाजूने आलेल्या फौजेत भिल्ल पलटणही होती. नगर-नाशिककडचा भागोजी नाईकही पूर्वी पोलिसातच होता. तो नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नरजवळ लढताना पडला.

त्या पहिल्या पाच जणांची नावं कुठल्या मराठी पुस्तकात सापडतात का? साहेबाने ब्रँडी पाजली हे लिहून ठेवलं. पिणाऱ्याच्या मनात काय होतं? घरी कोण उपाशी होतं? वर्गात मुलं मला हेच विचारतात.

गिरणाकाठ
मंगळवार, सकाळी ९:०५

वनमालाताई, तुमचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा महत्त्वाचा आहे. डांगाची मोहीम मी घाईत गाळली, ती गाळायला नको होती. 'विश्वास वटवून घेतला' असं मी लिहिलं ते सिंध-अवध डोळ्यांपुढे ठेवून. पण वटवणं धरणगावातच सुरू झालं होतं हे तुमच्यामुळे नीट दिसलं.

सामानगडी
मंगळवार, दुपारी १:२०

औट्रमचा आमच्या कोल्हापूरकडेही संबंध आहे म्हणून लिहितो. मी गडहिंग्लजचा.

कोल्हापूरचे छत्रपती लहान असताना इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमलं. त्यांनी गडांचा बंदोबस्त बदलला. गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गड राखणारी माणसं. गडाखालच्या जमिनी हाच त्यांचा पगार. त्या जमिनी मामलेदाराच्या ताब्यात जाणार म्हटल्यावर १८४४ मध्ये सामानगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. मग भुदरगड, मग पन्हाळा. तिकडे सावंतवाडीतही पेटलं. यालाच गडकऱ्यांचं बंड म्हणतात. आमच्याकडे कुणी 'बंड' म्हटलं तर जुनी माणसं अजून चिडतात. त्यांच्या मते तो हक्काचा झगडा होता.

सामानगड १३ ऑक्टोबर १८४४ ला पडला. औट्रम तिथे होता. त्याला कुणी पाठवलं नव्हतं. सिंधच्या भानगडीनंतर त्याला निमाडात एक किरकोळ नेमणूक दिली होती. ती सोडून तो आपणहून या मोहिमेत आला.

आणि वर ज्या ओव्हन्सचा विषय निघालाय, तो साताऱ्याचा रेसिडेंट ओव्हन्स या बंडात गडकऱ्यांच्या हाती लागला. त्याला पन्हाळ्यावर कोंडून ठेवलं होतं. १ डिसेंबरला पन्हाळा पडला. ओव्हन्सनंतर साताऱ्याला रेसिडेंट म्हणून कोण आलं? औट्रम. खानदेशातले दोन जुने भिल्ल एजंट असे पुन्हा एका जागी आले.

जानेवारी १८४५ मध्ये सावंतवाडीकडचे मनोहर आणि मनसंतोष हे जोडगड पडले. फोंड सावंत तांबुळकर आणि त्यांची माणसं गोव्याच्या हद्दीत उतरली. पोर्तुगीजांनी त्यांना इंग्रजांच्या हवाली केलं नाही.

आणि शेवट काय झाला, तर गडकऱ्यांची नोकरीच संपवली, गडांचे तट पाडले. आमच्या घरात अजून म्हणतात, 'आपण गडाचे होतो'.

गिरणाकाठ
मंगळवार, रात्री ९:४५

सामानगडी, अप्रतिम भर. आता सिंधचं लिहितो, कारण औट्रमला सगळीकडे जे नाव मिळालं ते तिथलं.

अफगाण युद्धात (१८३८-३९) त्याने धाडस पुष्कळ केलं. गझनीजवळ शत्रूचं निशाण हिसकावून आणलं, पळणाऱ्या काबूलच्या अमीर दोस्त महंमदचा बामियानच्या दिशेने पाठलाग केला. नोव्हेंबर १८३९ मध्ये कलात पडल्यावर अफगाण पीरजाद्याचा वेष घेऊन बलुचिस्तानातून आठवडाभरात समुद्रकिनारी सोनमियानीला घोड्यावरून पोहोचला. वाटेत ओळखला गेला असता तर डोकं उडालं असतं.

मग तो सिंधमध्ये पोलिटिकल एजंट झाला. सिंधच्या अमिरांशी त्याचं जमलं. तोवर गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरोने सेनापती म्हणून सर चार्ल्स नेपियरला पाठवलं. नेपियरने ५ नोव्हेंबर १८४२ ला सक्करच्या मेजवानीत औट्रमला 'हिंदुस्थानचा बेयार्ड' म्हटलं. बेयार्ड हा फ्रान्सचा जुना सरदार, निर्भय आणि निष्कलंक म्हणून ख्यात. तीन-चार महिन्यांत हेच दोघे एकमेकांचे वैरी झाले.

कारण असं की अमीर नवा तह मानतील अशी औट्रमची खात्री होती. हैदराबादला (सिंधमधलं) बसून त्याने त्यांच्याकडून १२ फेब्रुवारी १८४३ ला तहावर शिक्के घेतलेसुद्धा. नेपियर मात्र फौज घेऊन पुढेच येत राहिला. बलुची सरदार भडकले. १५ फेब्रुवारीला सुमारे आठ हजार बलुचींनी रेसिडेन्सीला घेरलं. आत औट्रम आणि शंभरेक माणसं. चार तास लढून नदीतल्या आगबोटींवर निघून गेले. दोन दिवसांनी मियाणीची लढाई झाली आणि सिंध गेलं. नेपियरने आधीच आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं होतं की सिंध घ्यायचा आपल्याला काहीएक हक्क नाही, तरी आपण ते घेणार, आणि ही मोठी फायद्याची बदमाशी ठरेल.

लुटीतला औट्रमचा वाटा तीन हजार पौंड निघाला. त्याने तो घ्यायला नकार दिला आणि सगळी रक्कम धर्मादायाला दिली. त्याला पैशाची ददात होती, बापाची इस्टेट नव्हती. नेपियर आणि त्याच्या भावाशी मग वर्षानुवर्षं छापील भांडण चाललं. औट्रमने अमिरांची बाजू इंग्लंडमध्ये लावून धरली.

तीन हजार पौंड सोडणारा इंग्रज अधिकारी त्या काळात मला दुसरा आठवत नाही. हे मी त्याच्या बाजूने ठामपणे मांडतो.

रानवाट
मंगळवार, रात्री १०:१०

पैसे सोडले हे मान्य, पण नोकरी सोडली का? अन्याय दिसला तर राजीनामा देऊन घरी जायचं. दोन वर्षांत सामानगडावर तोफा घेऊन हजर. अमिरांचा हक्क दिसतो, गडकऱ्याचा दिसत नाही?

सामानगडी
मंगळवार, रात्री १०:३८

रानवाट, हाच प्रश्न माझ्याही मनात आहे. अमीर राजे होते, त्यांच्याशी त्याने तह केले होते, दिलेला शब्द मोडला म्हणून तो भांडला. गडकऱ्यांना त्याने शब्द दिलाच नव्हता. मला वाटतं त्याचा सगळा न्याय 'मी दिलेला शब्द' एवढ्याभोवती फिरतो. ज्याला शब्द दिला नाही तो त्याच्या न्यायात येत नाही.

मांडवीवाले
बुधवार, सकाळी ८:३०

मी बडोद्याचा मराठी. आमच्याकडे औट्रमचं नाव निघतं ते 'खटपट' या शब्दावरून, आणि हा भाग कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो.

१८४७ मध्ये औट्रम साताऱ्याहून बडोद्याला रेसिडेंट म्हणून आला. इथे त्याला दिसलं की दरबारात, पेढ्यांवर, बाजारात सगळ्यांची एकच पक्की समजूत आहे : पैसा योग्य हातात गेला की मुंबई सरकारचा निकाल फिरवता येतो. या प्रकाराला इथले लोक म्हणत खटपट. औट्रमने तोच शब्द उचलला आणि इंग्रजी अहवालात जसाच्या तसा लिहिला. १८५२ मध्ये बडोद्याची कागदपत्रं पार्लमेंटपुढे छापून ठेवली गेली तेव्हा आपला हा मराठी शब्द त्यांत पानोपानी होता. आपण 'फार खटपट केली' म्हणतो तेव्हा कष्ट असा अर्थ असतो. त्या कागदांत मात्र खटपट म्हणजे लाच, वशिला, दलाली.

प्रकरणं बरीच होती. त्यात जोईताबाईचं सगळ्यांत करुण. हरिभक्तीच्या बड्या पेढीची ही विधवा. तिचं मूल तिच्यापासून तोडलं आणि पेढी कारभाऱ्याने गिळली, अशी तिची फिर्याद. वर्षानुवर्षं दाद लागली नाही, कारण रेसिडेन्सीतलाच मुख्य देशी कारकून नरसोपंत पैसे खाऊन बसला होता. औट्रमने चौकशी करून त्याला काढलं. पण अहवालात मुंबईच्या वरिष्ठांवरही शिंतोडे उडाले. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंडने भाषा उद्धट आहे म्हणून औट्रमलाच बडोद्यातून हलवलं.

तो विलायतेला जाऊन भांडला. डायरेक्टरांनी त्याचं म्हणणं बरंचसं मानलं, आणि डलहौसीने त्याला १८५४ मध्ये पुन्हा बडोद्याला नेमलं. परत आल्यावर त्याने गणपतराव महाराजांकडून भाऊ तांबेकर यांना दिवाणगिरीवरून काढायला लावलं.

सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला हे वाचून काय वाटतं ते सांगतो. मी एका कचेरीत तीस वर्षं काढली. एका चुकीच्या बिलावर शेरा मारला तेव्हा बदली माझीच झाली होती. बिल पास झालं. म्हणून बडोद्याचा औट्रम मला जवळचा वाटतो, बाकी त्याने कुठे काय केलं असो.

तापीपुत्र
बुधवार, सकाळी ९:१२

मांडवीवाले काका, जबरदस्त. खटपट शब्दाची ही हकिकत माहीत नव्हती.

गोमतीतीर
बुधवार, दुपारी ४:००

लखनौत पंचवीस वर्षं राहते आहे, माहेर पुणे. इथे रेसिडेन्सीच्या पडक्या भिंतींवर तोफगोळ्यांची भोकं तशीच ठेवली आहेत. संध्याकाळी लोक फिरायला येतात. मी कित्येकदा त्या हिरवळीवर बसून विचार केलाय की हे सगळं सुरू झालं ते एका पगडीवरून.

औट्रम डिसेंबर १८५४ मध्ये इथे रेसिडेंट झाला. अवधच्या कारभाराचा अहवाल त्याच्याकडे मागितला गेला. त्याने आधीचा रेसिडेंट स्लीमन याच्याच तक्रारी बऱ्याचशा पुन्हा लिहिल्या आणि मार्च १८५५ मध्ये शिफारस केली की कारभार कंपनीने हाती घ्यावा. स्लीमन स्वतः मात्र राज्य खालसा करायच्या विरोधात होता.

४ फेब्रुवारी १८५६ ला औट्रम वाजिद अली शाहच्या महालात नवा तह घेऊन गेला. महालाच्या तोफा उतरवून ठेवल्या होत्या, पहारेकरी बिनहत्यारी. बादशहाने तह वाचला. म्हणाला, तह बरोबरीच्या लोकांत होतात, मी आता कोण की माझ्याशी तह करावा? आणि डोक्यावरची पगडी काढून औट्रमच्या हातात दिली. सही केली नाही. तीन दिवसांची मुदत संपली आणि ७ फेब्रुवारीला अवध खालसा झालं.

सिंधच्या अमिरांसाठी ज्याने तीन हजार पौंड सोडले, त्याच्याच हातात ही पगडी. गिरणाकाठ म्हणतात ते इथे मला पटतं.

वर्षभरात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. बंगाल फौजेतले असंख्य शिपाई अवधच्याच गावांतले होते.

गिरणाकाठ
बुधवार, रात्री ११:०५

गोमतीतीर, पगडीचा प्रसंग मी लिहिणार होतो, पण तुम्ही तिथे राहून लिहिलंत ते वेगळं. पुढचं जोडतो.

१८५७ च्या सुरुवातीला औट्रम इराणच्या मोहिमेचा सेनापती होता. ८ फेब्रुवारीला बुशहरजवळ खुशाबची लढाई झाली. त्यात मुंबई फौजेच्या घोडदळाने इराणी पायदळाचा चौकोन फोडला. पूना हॉर्स या रिसाल्याने तिथे चांदीचा पंजा लावलेलं इराणी निशाण मिळवलं. ते रिसाल्याच्या मानचिन्हांत आहे. पूना हॉर्स आजही भारतीय सैन्यात आहे, रणगाड्यांवर.

परत आला तो उठाव पेटल्यावर. सप्टेंबरात कानपूरला पोहोचला तेव्हा लखनौवर जाणाऱ्या फौजेचा हुकूम त्याच्या हातात यायचा होता, कारण हुद्द्याने तो हॅवलॉकच्या वर. पण हॅवलॉक महिनोन्‌महिने लढत तिथवर आला होता. औट्रमने हुकूमनामा काढला की लखनौला पोहोचेपर्यंत सेनापती हॅवलॉकच राहील आणि मी स्वयंसेवक म्हणून त्याच्या हाताखाली जाईन. २५ सप्टेंबरला ते रेसिडेन्सीत शिरले. माणसं इतकी पडली की आतल्यांना बाहेर काढणं शक्यच झालं नाही, सोडवायला आलेलेही आतच अडकले. नोव्हेंबरात बाहेर पडल्यावर औट्रमने सुमारे चार हजार माणसांनिशी मार्च १८५८ पर्यंत लखनौबाहेरची आलमबाग धरून ठेवली. समोर बेगम हजरत महलची फौज होती आणि हल्ले एकामागून एक येत होते.

आता रानवाट यांच्या प्रश्नाला जोडून. मार्च १८५८ मध्ये गव्हर्नर जनरल कॅनिंगने जाहीरनामा पाठवला की मोजके अपवाद सोडून अवधच्या सगळ्या तालुकदारांच्या जमिनी जप्त. औट्रम तेव्हा अवधचा चीफ कमिशनर. त्याने कळवलं की हे लागू केलं तर शरण कुणी येणार नाही, सगळे मरेपर्यंत लढतील. त्याच्या आग्रहाने जाहीरनाम्यात सवलतीचं कलम घातलं गेलं. म्हणजे पगडी घेणाराही हाच आणि जमिनी वाचवायला धडपडणाराही हाच. माझ्याकडून या दोघांचा एक माणूस जुळत नाही. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहितो.

१८६० मध्ये तो विलायतेला परत गेला, तब्येत ढासळली होती. ११ मार्च १८६३ ला फ्रान्समध्ये पो या गावी वारला. वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला आहे.

हुगळीकाठी
गुरुवार, सकाळी १०:२५

कोलकात्यात नोकरीला आहे. औट्रम घाट इथेही आहे, हुगळीवर, बोटींचा. चौरंगी आणि पार्क स्ट्रीटच्या नाक्यावर औट्रमचा घोड्यावरचा भव्य पुतळा होता, फॉली या शिल्पकाराचा. टोपी नाही, घोडा ऐन दौडीत आवरलेला, आणि स्वार मान वळवून मागे बघतोय. स्वातंत्र्यानंतर तो तिथून हलवला आणि त्या जागी गांधीजींचा पुतळा आला. औट्रम आता व्हिक्टोरिया मेमोरियलच्या बागेत आहे. शनिवारी मुद्दाम जाऊन पाहीन. तो मागे वळून काय बघतोय, हे आता या धाग्यानंतर वेगळं वाटेल.

रानवाट
गुरुवार, दुपारी २:४०

मी जंगलात फिरणारा माणूस, त्यामुळे एक वेगळी नोंद. खानदेशातल्या दहा वर्षांत औट्रम आणि त्याच्या साथीदारांनी मारलेल्या वाघांचा आकडा १९१ आहे. शिवाय अस्वलं, बिबटे, रानम्हशी. ही शिकार भिल्लांचा विश्वास मिळवायचं त्याचं मोठं साधन होतं. वाघापुढे पायी उभा राहणारा साहेब त्यांना आपला वाटला. पण खानदेशातून वाघ संपत गेला त्यात ही दहा वर्षंही धरायला हवीत.

आणि आज त्याच माणसाच्या नावाचं अभयारण्य आहे. मार्च २०२१ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ गौताळ्यात कॅमेऱ्यात टिपला गेला. कित्येक दशकांनी. कुणी आणून सोडलेला नव्हता. पिकांतून, ओढ्यांतून, रस्ते ओलांडत स्वतःच्या पायांनी आला. ती बातमी आली त्या दिवशी मी कन्नडला होतो. चहाच्या टपरीवर म्हातारी माणसं फोनवरचा फोटो एकमेकांना दाखवत होती. एक आजोबा फोन डोळ्याजवळ धरून बराच वेळ नुसते बघत राहिले.

तापीपुत्र
गुरुवार, दुपारी ३:१५

घाटाचं नाव बदलावं का, असा विषय मध्यंतरी आमच्या ग्रुपवर निघाला होता. इथल्या लोकांचं मत काय?

सामानगडी
गुरुवार, संध्याकाळी ६:०२

लोक कन्नड घाटच म्हणतात. ते पुरेसं आहे. पाटी राहू द्या, पण पाटीखाली चार ओळी लिहा : कोण होता, इथे काय केलं. आमच्या सामानगडावरही गडकऱ्यांबद्दल अशा चार ओळी असाव्यात ही माझी जुनी इच्छा आहे.

वनमाला
गुरुवार, रात्री ८:२०

चार ओळी लिहिणार असाल तर एक ओळ पलटणीतल्या माणसांसाठी ठेवा आणि एक आंबापाणीसाठी.

काल हा धागा नववीच्या वर्गात वाचून दाखवला. पान-सुपारीच्या प्रसंगाला सगळे गप्प झाले. मग एका मुलाने विचारलं, 'मॅडम, तो विडा खाल्ला की खिशात ठेवला?' त्याच्या घरी परक्याने दिलेलं लगेच खात नाहीत, आधी घरी आणून दाखवतात. मला उत्तर देता आलं नाही.

११ एप्रिलला आम्ही मुलांना घेऊन आंबापाणीला जाणार आहोत. सकाळी लवकर निघू, उन्हाच्या आत परत. गिरणाकाठ, रानवाट, कुणाला यायचं असेल तर कळवा. पाणी आणि भाकरी आमच्याकडून.

गिरणाकाठ
गुरुवार, रात्री ८:४१

येतो. आदल्या रात्रीच शहाद्याला पोहोचतो.